स्वप्न आणि त्याची पहिली पायरी

दवाखान्यात येणारे पालक पुष्कळदा विचारतात, "डॉक्टर, पोरगा नुसती स्वप्ने बघतो, हातून काही होत नाही. एखादे टॉनिक द्या." वाचकहो, स्वप्न बघणे हा काही आजार नव्हे. पण स्वप्नाला रोजच्या कामाचा आधार नसला, की त्याची खंत मनाला पोखरते; झोप उडते, भूक मंदावते. यावर बाटलीतले औषध नाही. म्हणून आज आपल्या जुन्नर-आंबेगावातलेच एक उदाहरण सांगतो.

मला दवाखाना थाटून जेमतेम दोन वर्षे झाली होती. भातलावणीचे दिवस होते. भल्या पहाटे एका तरुणाला आणले. पोटात दुखत होते, एक उलटी झाली होती. अंगावर कुठे जखम दिसेना. मी अपचन समजून इंजेक्शन दिले व घरी पाठविले. दोन तासांनी परत आणला, तेव्हा त्याच्या पापण्या उघडत नव्हत्या, गिळता येत नव्हते. दंश मण्यारचा होता! हा साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश फारसा दुखत नाही, खूणही बहुधा दिसत नाही. माझ्याकडे प्रतिविष नव्हते. पुढे पाठविला, पण वाटेतच श्वास थांबला.

असे पुन्हा होऊ द्यायचे नाही, असे मी त्या रात्री ठरविले. पण पुढचा पावसाळा आला, तरी माझ्या फ्रीजमध्ये प्रतिविषाची एक कुपी नव्हती! स्वप्न होते, पायरी नव्हती.

हेच स्वप्न नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत व डॉ. पल्लवी राऊत यांनीही पाहिले आणि ते कामाला लागले. सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये, हे त्यांचे ध्येय. त्यांनी हजारो दंशरुग्णांवर उपचार केले, गावोगावी व शाळांतून व्याख्याने दिली, डॉक्टरांना प्रशिक्षण दिले. या कामाकडे पाहून मी जे शिकलो ते असे :

१) स्वप्न मोजता आले पाहिजे. "लोकांचे भले करीन" हे मोजता येत नाही. "दंशाने एकही मृत्यू नको" हे मोजता येते. चुकले तर लगेच कळते.

२) अडथळा नेमका कुठे आहे ते शोधावे. प्रतिविष असूनही माणसे दगावतात, कारण पहिले तास मांत्रिकाकडे जातात. तेव्हा औषधाइतकेच गावात जाऊन बोलणेही गरजेचे ठरते.

३) कामाचे तुकडे करावेत. मी कागदावर लिहिले : या महिन्यात प्रतिविष आणून ठेवणे, पुढच्या महिन्यात फुग्याने कृत्रिम श्वास देण्याचा सराव, त्यानंतर अंगणवाडीत एक व्याख्यान. मोठ्या स्वप्नाने छाती दडपते; एका महिन्याचे काम मात्र जमते.

४) माणसे जोडावीत. जीपवाला, आशाताई, शाळेचे गुरुजी व सर्पमित्र यांच्यावाचून डॉक्टर एकटा अपुरा आहे.

हे काम किती मोठे आहे पाहा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे ५८ हजार माणसे मरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. तिथेही ध्येय मोजता येणारे आहे आणि त्याला मुदतही आहे.

यात आपली पायरी कोणती? नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. दंश झाल्यास रुग्णाला धीर द्यावा, चालवू नये. अंगठ्या, कडी, जोडवी काढावीत. हातापायाला लाकडी पट्टीचा आधार देऊन तो हलू देऊ नये. घट्ट आवळून बांधू नये, चिरा देऊ नये, तोंडाने विष ओढू नये. साप मारण्यात वा पकडण्यात वेळ दवडू नये. १०८ ला फोन करावा आणि मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी, उलटी व पापण्या जड होणे अशी लक्षणे दिसली, तर जखम नसली तरी मण्यारचा संशय घ्यावा. शेतात बूट, रात्री बॅटरी, झोपायला खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, एवढ्याने पुष्कळ दंश टळतात.

आता तुमच्या मुलाकडे येऊ. त्याला फौजेत जायचे असो, की द्राक्षबाग लावायची असो. त्याला रागावू नका. जवळ बसवा, वही द्या आणि विचारा, "या महिन्यात काय करणार?" उत्तर एका ओळीत लिहून घ्या. महिनाअखेरीस दोघांनी मिळून ती ओळ वाचा. काम झाले नसेल, तर पायरी लहान करा, स्वप्न नव्हे.

तो तरुण आजही माझ्या डोळ्यांसमोर येतो. पण गेली अनेक वर्षे पावसाळ्याच्या तोंडावर मी पहिल्यांदा फ्रीज उघडतो आणि कुप्या मोजतो. थेंबे थेंबे तळे साचे, ते असेच.