हृदयाची अकार्यक्षमता आणि नियंत्रित व्यायाम

‘हार्ट फेल्युअर’ म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची क्षमता घटणे, असा त्याचा अर्थ आहे. धाप, थकवा व पायांवरील सूज ही त्याची प्रमुख लक्षणे होत. अशा रुग्णांना पूर्वी दीर्घ विश्रांती सांगितली जात असे. परंतु विश्रांतीने स्नायू क्षीण होतात, त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता घटते आणि अल्प श्रमानेही धाप लागते. नियंत्रित व्यायामाने हे दुष्टचक्र भेदता येते.

संशोधनाचा आधार

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एचएफ-ॲक्शन’ अभ्यासात अमेरिका, कॅनडा व फ्रान्समधील २,३३१ रुग्ण होते. देखरेखीखाली ३६ सत्रे आणि त्यानंतर घरी व्यायाम, अशी योजना होती. व्यायाम सुरक्षित ठरला व जीवनमानात माफक सुधारणा झाली. मृत्यू वा रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणातील घट मात्र मूळ विश्लेषणात निर्णायक नव्हती. म्हणजेच व्यायाम औषधांना पूरक आहे, पर्याय नाही.

वाराणसीचा संदर्भ

काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात पूर्व उत्तर प्रदेश व लगतच्या बिहारमधून रुग्ण येतात. आठवड्यातून तीन सत्रे धरल्यास ३६ सत्रांना १२ आठवडे लागतात. गाझीपूर वा चंदौलीच्या खेड्यातील मजुराला इतक्या फेऱ्या म्हणजे प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी. म्हणून तपासणी व प्रशिक्षण रुग्णालयात आणि नियमित सराव घरी, हा मार्ग व्यवहार्य ठरतो. ब्रिटनमधील ‘रीच-एचएफ’ अभ्यासातही गृहाधारित कार्यक्रमाने जीवनमान सुधारल्याचे आढळले.

पद्धती व दक्षता

प्रकृती स्थिर असल्याची खात्री डॉक्टरांनी केल्यावरच प्रारंभ करावा. सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो, यावरून क्षमता अजमावता येते. प्रथम सपाट जागी ५ ते १० मिनिटे चालावे. चालताना बोलता येईल इतकाच वेग असावा. घाटांच्या उभ्या पायऱ्या आरंभी टाळाव्यात. तसेच मे-जूनचे ऊन व जानेवारीतील कडाक्याची थंडीही टाळावी. छातीत दुखणे, भोवळ वा धडधड जाणवल्यास थांबावे; वजन अकस्मात वाढल्यास त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा.

धोरणात्मक अंग

असंसर्गजन्य रोगांसाठी २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हृदयविकाराचा समावेश आहे. निदान व औषधांबरोबरच प्राथमिक आरोग्य केंद्रांतील कर्मचाऱ्यांना पुनर्वसनाचे प्रशिक्षण मिळाल्यास ही सेवा गावापर्यंत पोहोचू शकेल.