ताजमहाल हॉटेल पाठमोरे आहे काय?

नवी इमारत उभी राहिली की तिजविषयी मतभेदही उभे राहतात. एकास ती डौलदार दिसते, दुसऱ्यास बेढब. तिसरा म्हणतो, धन्याने पैसा पाण्यात घातला. निरनिराळी मते असणे हा काही दोष नव्हे. परंतु पाहून, विचार करून बनविलेले मत आणि कानावर पडलेली गोष्ट यांतील भेद विद्यार्थ्यांस ओळखता आला पाहिजे. हा भेद शिकविणारे एक उत्तम उदाहरण मुंबईस अपोलो बंदरावर उभे आहे. ते म्हणजे सुप्रसिद्ध ताजमहाल हॉटेल.

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथून मुंबई पाहावयास गेलेल्या मंडळींस तेथे एक कथा हटकून ऐकावयास मिळते. ती अशी : एका विलायती शिल्पज्ञाने या हॉटेलचा नकाशा काढला व तो मायदेशी गेला. परत येऊन पाहतो तो इमारत उलटी बांधलेली! तोंड शहराकडे आणि पाठ समुद्राकडे. इकडील लोकांनी नकाशाच उलटा धरला, या दुःखाने त्याने म्हणे प्राण दिला. कथा चटकदार खरी. पण ती कसोटीस उतरते काय, हे पाहू.

पहिला प्रश्न असा की, नकाशा कोणी काढला? जमशेटजी टाटा यांनी बांधविलेले हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. त्याची मूळ रचना रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा या दोघा एतद्देशीय तज्ज्ञांची असून, पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने काम तडीस नेले. म्हणजे कथेतील एकाकी विलायती शिल्पज्ञ प्रथमदर्शनीच नाहीसा होतो.

वैद्य यांचे नाव आपल्या बाजूच्या लोकांनी तरी विसरू नये. ठाण्या-कल्याणहून निघालेली गाडी ज्या भव्य स्थानकात थांबते, ते बोरीबंदरचे स्थानक, सांप्रतचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८७८ ते १८८८ या काळात बांधले गेले. त्याचे शिल्पकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, आणि त्या कामावर साहाय्यक अभियंता होते हेच सीताराम खंडेराव वैद्य. अशा कसलेल्या पुरुषास इमारतीचे तोंड कोणते व पाठ कोणती हे कळू नये, हे संभवते काय? शिवाय अशी प्रचंड वास्तू एका रात्रीत उभी राहत नाही. पाया खणण्यापासून घुमट चढेपर्यंत ती साऱ्या शहराच्या डोळ्यांदेखत वाढत होती. पैसा खर्चणारे टाटा मुंबईचेच रहिवासी. त्यांच्याही लक्षात चूक येऊ नये, हे सर्वथा असंभाव्य होय.

दुसरा प्रश्न असा की, मग दरवाजा शहराकडे का ठेविला? हॉटेलची आखणी घोड्याच्या नालासारखी आहे. दोन बाहू पश्चिमेस पसरलेले, मध्ये मोकळी जागा, आणि लांब पूर्व बाजू समुद्रासन्मुख. पाहुण्यांच्या घोडागाड्या शहरातून येत, म्हणून प्रवेश त्या अंगास. आणि समुद्राचे दर्शन खोल्यांस लाभावे, म्हणून खोल्यांची रांग या अंगास. आज आपण गेटवे ऑफ इंडियापाशी उभे राहून हॉटेल पाहतो व तीच त्याची पुढची बाजू समजतो. पण गेटवेची कोनशिला १९१३ साली बसविली गेली आणि ती कमान १९२४ साली खुली झाली. हॉटेल तिच्याहून वीस वर्षांनी वडील आहे. मागाहून सापडलेल्या जागेवरून पाहून आधीच्या माणसास वेडा ठरविणे न्यायाचे नव्हे.

येथे कोणी म्हणेल, 'बोटीने येणारे प्रवासी अपोलो बंदरावर उतरत. त्यांच्या स्वागतास दरवाजा समुद्राकडेच शोभला असता.' हे मत आदरास पात्र आहे, कारण त्यास कारणाचा आधार आहे. पुढे हॉटेलच्या चालकांनी मुख्य प्रवेश समुद्राच्या बाजूस नेला आणि जुन्या प्रवेशाच्या जागी पोहण्याचा तलाव झाला. म्हणजे काळ पालटला, गरज पालटली, तसा दरवाजाही पालटला. याचा अर्थ आरंभी चूक झाली होती असा नव्हे.

रूपाविषयीही असेच मतभेद आहेत. घुमट, कमानी, सज्जे यांत अनेक देशांच्या पद्धती एकत्र आल्या आहेत. कोणी तीस खिचडी म्हणतात, कोणी संगम. पुढे १९७३ साली शेजारच्या ग्रीन्स हॉटेलच्या जागी उंच मनोरा उठला, तेव्हा वादास नवे निमित्त मिळाले. एक पक्ष म्हणतो, त्याने जुन्या घुमटाचा दिमाख हिरावला. दुसरा म्हणतो, खोल्या तर हव्याच होत्या. जुन्या इमारतीची खोटी नक्कल करण्यापेक्षा तिला हात न लावता नवी वेगळी बांधणे बरे. दोन्ही पक्ष समोर दिसणाऱ्या वस्तूविषयी बोलतात, म्हणून दोघांचे ऐकून घेण्यात लाभ आहे.

उलट्या नकाशाच्या कथेत हा लाभ नाही. तीत हानी मात्र आहे. इकडील लोकांस नकाशाही धड वाचता येत नाही, असे ती हसत हसत सुचविते, आणि ज्यांनी तो नकाशा काढला त्यांची नावे पुसून टाकते. आपणही ती कौतुकाने सांगतो, ही अधिक खेदाची गोष्ट होय. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री वैद्य यांचे हात लागलेल्या या दोन्ही वास्तूंवर, स्थानकावर व हॉटेलवर, दहशतवाद्यांचा घाला पडला आणि अनेक निरपराध माणसे प्राणांस मुकली. धुराने वेढलेला तो घुमट पाहून साऱ्या देशाचे अंतःकरण गलबलले. हॉटेलचा जळालेला जुना भाग दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडला.

विद्यार्थीमित्रहो, ठाण्याच्या घोडबंदर मार्गावर, कल्याणच्या खाडीकाठी, डोंबिवलीत आता नित्य नव्या इमारती उठत आहेत. त्यांस नावे ठेवण्यापूर्वी किंवा त्यांची वाहवा करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या. ही कोणासाठी बांधली? वारा, ऊन, पाऊस, रस्ता आणि शेजारी यांचा विचार हिने केला आहे काय? आणि हिजसाठी कोणाची बुद्धी व कोणाचे हात झिजले? एवढे विचारून जे मत बनेल ते निर्भयपणे सांगावे. दुसऱ्याचे मत निराळे असल्यास तेही शांतपणे ऐकून घ्यावे, आणि त्याच्या म्हणण्यास आधार काय, एवढे मात्र अवश्य विचारावे.