वाट पाहण्यात गेलेली दोन वर्षं

‘मूल तयार झालं की आपोआप वाचायला लागतं.’ हे वाक्य मी दोन वर्षं ऐकलं, मानलं आणि घरी शिकवायला नव्याने लागलेल्या आयांना सांगितलंसुद्धा. आता कुणी ते म्हटलं की माझ्या पोटात ढवळून येतं.

मुलाला शाळेतून का काढलं ते इथे सांगत बसत नाही. पहिलीत त्याचं जे चाललं होतं ते पाहून कुठल्याही आईने काढलंच असतं. सासरी-माहेरी ऐकून घ्यायचं तेवढं घेतलं. ‘सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आहे, नोटीस येईल’ असंही एक काका सांगून गेले. 2009 च्या त्या कायद्यात घरी शिकवण्यावर स्पष्ट बंदी नाही, तसा त्याचा स्पष्ट उल्लेखही नाही, हे मी तेव्हाच वाचून ठेवलं होतं. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पुढे जे झालं त्याचं खापर जे घरशिक्षणावर फोडतात, त्यांच्याशी मी आजही भांडते. चूक मुलाला घरी शिकवण्यात नव्हती. तो अडलाय हे दिसत असताना आम्ही नुसते बघत बसलो, ही चूक होती.

आमचा घरी शिकवणाऱ्या पालकांचा गट होता. त्यातल्या ज्येष्ठ ताईंची दोन्ही मुलं नऊ-दहा वर्षांची झाल्यावर स्वतःहून वाचायला लागलेली. त्यामुळे त्यांचा शब्द अखेरचा. माझा मुलगा साडेसात वर्षांचा असताना मी पहिल्यांदा विचारलं, याला अजून ‘भ’ आणि ‘म’ मध्ये फरक कळत नाही, काही करू का? ‘काही करू नकोस,’ ताई म्हणाल्या. ‘तू शिकवायला गेलीस की तो पुस्तकाचा द्वेष करेल.’ आठव्या वर्षी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी घरशिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या जॉन होल्टचं पुस्तक हातात ठेवलं. होल्ट मी वाचला. मुलाकडे बारकाईने बघा, तो नेमका कुठे अडतो ते टिपा, हेही त्यात आहे. आमच्या गटात त्यातलं ‘शिकवू नका’ एवढंच उरलं होतं.

पुढच्या वर्षीची दिवाळी. तो नऊ वर्षं चार महिन्यांचा. कराडला सासूबाईंकडे सगळी भावंडं जमलेली आणि माजघरात व्यापारचा डाव मांडलेला. मी पलीकडे करंज्या भरत होते. तास-दीड तास कानावर येत होतं : ‘तू वाच, मी फासे टाकतो.’ ‘बँक तूच घे, मला कंटाळा येतो.’ ‘किती झाले ते तूच सांग.’ मला वाटत होतं, किती समजूतदार, सगळं भावंडांना देतोय! मग दिराची मुलगी, सहा वर्षांची, म्हणाली, ‘दादा, या वेळी कार्ड तूच वाचायचं.’ थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, ‘मला पाणी प्यायचंय,’ आणि उठला.

माझ्या शेजारूनच तो मागच्या दाराने गेला. पाण्याचा माठ पुढच्या खोलीत होता. मी हात पुसून मागे गेले, तर तो टाकीच्या आडोशाला उभा. हातात ते कार्ड. ओठ हलत होते. तो वाचून बघत होता, पुन्हा पुन्हा, पहिल्याच शब्दापाशी. मला पाहिल्यावर त्याने कार्ड खिशात घातलं आणि म्हणाला, ‘आई, मी तयार कधी होणार?’

म्हणजे आमची सगळी बोलणी त्याने ऐकली होती. तो तयार झाला की वाचेल, असं आम्ही त्याच्यासमोर बोलत होतो आणि तो रोज सकाळी उठून स्वतःला तपासत होता. त्याला वाचायचं होतं, कितीतरी आधीपासून. त्याला येत नव्हतं. या दोन गोष्टींतला फरक मला दोन वर्षं कळला नाही.

रात्री त्याला जवळ घेऊन साधी साधी बेरीज विचारली, तर हात पांघरुणात. बोटांवर मोजत होता आणि मला दिसू नये म्हणून लपवत होता.

ताईंना फोन केला. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, अरे बापरे, बघूया काय ते. त्या म्हणाल्या, ‘तुझी भीती त्याच्यात उतरलीय. तू आतून शाळा सोडलेलीच नाहीस.’ मी तपासणीचं नाव काढलं तर म्हणाल्या, ‘मुलावर शिक्का मारायचा असेल तर खुशाल मार, पण मग गटात येऊन बाकीच्यांना घाबरवू नकोस.’ त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांनी एकदाही मुलगा कसा आहे हे विचारलेलं नाही. त्यांची मुलं उशिरा वाचायला लागली, हे खरंच आहे. पण त्यांच्या मुलांना जे आपोआप आलं ते माझ्या मुलाला येणार नव्हतं, आणि हे ओळखण्याची खूण त्यांना ठाऊक नव्हती. ठाऊक नाही, एवढं म्हणाल्या असत्या तरी पुरलं असतं.

मग घाबरून दुसरी चूक केली. स्मरणशक्ती आणि एकाग्रता वाढवण्याच्या एका वर्गाला सगळी फी आगाऊ भरली, 28 हजार रुपये. चार महिने तो डोळे मिटून रंग ओळखण्याचे प्रकार करत राहिला. वाचन होतं तिथेच. कुठल्याही वर्गाला पैसे देण्याआधी एकच विचारा : आज माझं मूल किती वाचतं ते तुम्ही मोजणार का, आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजून दाखवणार का? उत्तराच्या जागी मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूचं भाषण सुरू झालं तर उठून या.

शेवटी रीतसर तपासणी झाली. डिस्लेक्सिया, आणि आकड्यांचीही अडचण. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या 21 प्रकारांची नोंद आहे, त्यात ही अध्ययन अक्षमता येते. बुद्धी उत्तम. निकाल ऐकल्यावर माझा नवरा बराच वेळ गप्प होता. घरी आल्यावर म्हणाला, सातवीपर्यंत मलाही मोठ्याने वाचायला उभं केलं की घाम फुटायचा. हे घराण्यातून येऊ शकतं, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून आता सगळ्यांना सांगते, आधी घरातल्या मोठ्यांना विचारा. कुणाची शाळा का सुटली, कोण सारखं नापास व्हायचं, कोण अजून पत्र लिहायला दुसऱ्याला बसवतं.

तपासणीबद्दल आधी कुणी सांगितलं असतं तर माझे हेलपाटे वाचले असते. पहिल्यांदा डोळे आणि कान तपासून घ्या, तपासणीच्या ठिकाणीही आधी तेच विचारतात. मग बुद्ध्यंकाची चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताची. हे सगळं एका दिवसात होत नाही, आम्हाला चार खेपा पडल्या. खाजगी मानसशास्त्रज्ञांचा अहवाल शिकवताना फार उपयोगी पडतो, पण बोर्डाच्या सवलतींसाठी अधिकृत सरकारी प्रमाणपत्र लागतं. ते साधारण आठव्या वर्षापासून मिळतं. परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा वेळ, लेखनिक, या गोष्टी त्या कागदावर मिळतात, तेव्हा दहावीच्या तोंडावर धावू नका. फाइल करा, प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स.

पण आठव्या वर्षाची वाट पाहत शिकवणं थांबवायचं नाही. कागद नंतर येतो, मदत आधी सुरू करता येते.

घरी काय बघायचं? माझा पहिला भ्रम होता की अशा मुलांना अक्षरं उलटी दिसतात. मुख्य अडचण आवाजांची असते, शब्द कानाने तोडता न येण्याची. तपासणीनंतर त्याला शिकवायला लागलेल्या शिक्षिकेने विचारलं, ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं? त्याने खूप विचार केला आणि म्हणाला, ‘पानं?’ त्याला कमळ दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे खेळत खेळत विचारा, पाटी-पेन्सिलशिवाय. पुन्हा पुन्हा अडखळलं तर ती पहिली खूण समजा.

मग अक्षरं. बाराखडीचा तक्ता ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत घोकवणं पूर्ण सोडलं. पाच-सहा अक्षरांचा गट घेतला, क, म, न, र, ल, स. त्यांचेच शब्द. मग काना दिला की कान, नाक, मान, काका, मामा, साल. तेवढ्यावर तीन आठवडे. दिसायला सारखी अक्षरं एका महिन्यात आणायची नाहीत : भ-म, घ-ध, थ-य. ‘ख’ हा ‘रव’ वाटतो, तो अगदी शेवटी. पहिल्या वेलांटीने आम्हाला रडवलं. ‘कि’मध्ये डोळ्याला आधी वेलांटी दिसते आणि कानाला आधी ‘क’ ऐकू येतो. तिथे बोट कसं फिरवायचं हे वेगळं शिकवावं लागलं. रफार तर त्याहून कठीण. ‘गर्दी’मधला ‘र’ ऐकू येतो ‘दी’च्या आधी आणि बसतो ‘दी’च्या डोक्यावर. जी मुलं सहज वाचतात त्यांना हे कुणी सांगावं लागत नाही, म्हणून आपल्यालाही ते सुचत नाही.

रोज दोन वेळा पंधरा-पंधरा मिनिटं. रविवारीसुद्धा. एका बैठकीत तासभर शिकवून रडवण्यापेक्षा हे बरं. आणि त्याच्या वयाची पुस्तकं आपण वाचून दाखवणं थांबवायचं नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ‘मामा आला’ वाचायला लागतंय ही त्याची शरम असते, आणि रात्री फास्टर फेणे ऐकायला मिळाला की ती थोडी कमी होते.

गणिताचं मला उशिरा कळलं. तो ‘पंचवीस’ ऐकून 52 लिहायचा. मी त्याला निष्काळजी म्हणत होते. मराठीत आधी पाच ऐकू येतात, मग वीस. त्याने ऐकलं तसं लिहिलं. ‘एकोणचाळीस’ म्हटलं की 49, कारण त्यात चाळीस आहे. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आणि नाक मुरडणाऱ्यांत मीही होते. विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा शांतपणे समजावून सांगत होत्या. 2023 मध्ये त्या गेल्या. माझा मुलगा ‘वीस पाच’ म्हणत म्हणतच संख्या शिकला, आणि त्यांची माफी मागायची माझी राहून गेली.

झाडूच्या काड्या तोडून दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा. दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घ्या. वजाबाकीत हातचा घेताना गठ्ठा खरोखर सोडू द्या. पाढे पाठ होत नाहीत म्हणून गुणाकार अडवून ठेवू नका, पाढ्यांचा कागद समोर राहू दे. बोटं लपवायला लावू नका. कुणाशी तुलना करू नका, धीर धरा, हे तर सगळेच सांगतात, आणि ते खरंही आहे. पण धीर धरताना वही ठेवा. दर महिन्याच्या एक तारखेला तोच एक परिच्छेद, एक मिनिट, फोनवर रेकॉर्ड करायचा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. आमच्या वहीतला पहिला आकडा 7 आहे. सहा महिने आकडा हलला नाही तर पद्धत बदला किंवा माणूस बदला.

दहावीची काळजी आत्तापासून करणाऱ्यांसाठी : राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावी देता येते, पाच विषय पुरतात आणि गणित त्यात सक्तीचं नाही. पण ‘नाहीतरी घेणार नाही’ म्हणून आज गणित सोडू नका. दुकानात सुटे पैसे मोजायला बोर्ड लागत नाही.

तो आता साडेअकरा वर्षांचा आहे. या महिन्याचा आकडा 54. जोडाक्षरं आली की अजून थांबतो. पाहुण्यांसमोर वाचत नाही, आणि आम्ही वाचायला सांगत नाही. ती दोन वर्षं रोजची पंधरा मिनिटं मिळाली असती तर हा आकडा किती असता, हा हिशोब मी मनात करत राहते.

गेल्या आठवड्यात गटातल्या एका नव्या आईने माझा नंबर कुणाकडून तरी मिळवला. मुलगी आठ वर्षांची, वाचत नाही. ‘ताई म्हणतात वाट बघ, तुम्ही काय म्हणता?’ मी म्हटलं, फोन चालू ठेवा, तिला आत्ताच विचारा, ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं. पलीकडून मला पंखा ऐकू येत होता. तिने दोनदा विचारलं. मुलगी काहीच बोलली नाही, मग हळूच म्हणाली, ‘आई, मी खेळायला जाऊ?’

मी त्या आईला तपासणीसाठी सरकारी रुग्णालयाची ओपीडी कुठल्या वारी असते ते सांगितलं. सकाळी आठच्या आत केसपेपर काढा म्हटलं, आणि मुलीला आज काही विचारू नका, खेळायला जाऊ द्या.