बियांपासून फळझाडे : बी कोठे पुरेसे व कलम कोठे आवश्यक

आंबा खाऊन परसात टाकलेली कोय पावसाळ्यात उगवते. गुरांनी खाल्लेल्या बोरांच्या आठोळ्या बांधावर रुजतात व काही वर्षांत तेथे बोर उभी राहते. त्यामुळे बी टाकले की झाड होते आणि झाड झाले की मनाजोगते फळ मिळते, अशी समजूत सहज होते. ही समजूत अर्धीच खरी आहे. ज्वारीच्या पेरणीत चूक झाली तर ती एका हंगामात कळते व पुढील हंगामात सुधारता येते. फळझाडाच्या लागवडीतील चूक सहा, आठ किंवा दहा वर्षांनी, झाड मोहोरावर येते तेव्हा कळते. म्हणून वरकस जमिनीवर अथवा बांधावर बी लावण्यापूर्वी त्या बियांचा स्वभाव शेतकऱ्याने जाणून घेणे अगत्याचे आहे.

बियांपासून झालेले झाड मूळ झाडासारखे का निघत नाही?

फुलातील परागकण वाऱ्याने अथवा कीटकांमार्फत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. आंबा, फणस, काजू, चिंच इत्यादी झाडांत असा परपराग मोठ्या प्रमाणात होतो. त्यामुळे बियांत माता झाडाबरोबर अज्ञात पित्याचेही गुण उतरतात. हापूसच्या कोयीपासून हापूस मिळत नाही, याचे कारण हेच होय. कापा फणसाच्या आठळीपासून बरका फणस निघतो, मोठ्या बीच्या काजूपासून बारीक बीचा काजू निपजतो, तोही याच कारणाने.

याला काही अपवाद आहेत. जांभळाच्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन कोंब निघतात. त्यांतील काही कोंब परागाशिवाय, माता झाडाच्याच पेशींपासून झालेले असतात व त्यामुळे त्यांत मूळ झाडाचे गुण बरेचसे टिकतात. पश्चिम किनाऱ्यावरील ओलूर, वेल्लैकोलंबन यांसारख्या काही आंब्यांच्या कोयींतही असेच अनेक कोंब येतात. म्हणून अशा जातींचा एकसारखे खुंट तयार करण्यासाठी उपयोग करतात. हापूस मात्र एककोंबी आहे.

रातांब्याचा धडा

बियांवर आंधळा विश्वास ठेवल्याने होणारे नुकसान रातांब्याच्या, म्हणजेच कोकमाच्या, उदाहरणावरून स्पष्ट दिसते. रातांब्यात नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत साधारणपणे निम्मी रोपे नर निघतात आणि फुले येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत. फुले येण्यास सहा-सात वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

समजा, एका शेतकऱ्याने ६×६ मीटर अंतरावर रातांब्याची ४० रोपे लावली. त्यांनी सुमारे १४ गुंठे जमीन व्यापली. सात वर्षे राखण केल्यावर त्यांपैकी २० झाडे नर निघाली, तर ७ गुंठे जमीन व तितक्या झाडांवरील श्रम व्यर्थ गेले. परागीकरणासाठी १०० झाडांत सुमारे १० नर झाडे पुरतात, म्हणजे या बागेत ४ नर पुरेसे होते. उरलेल्या १६ झाडांनी केवळ जागा अडविली. यासाठी रातांब्याचे बी खुंटापुरतेच वापरावे व त्यावर भरपूर फळे देणाऱ्या मादी झाडाची काडी बांधावी. कोकण कृषी विद्यापीठाने निवडलेल्या कोकण अमृता व कोकण हातीस या जातींची कलमेही उपलब्ध आहेत.

ताजे बी व साठवणीचे बी

बियांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील बी वाळले की मरते. आंबा, फणस, जांभूळ व रातांबा यांचा या वर्गात समावेश होतो. जांभळाचे बी फळातून काढल्यावर दहा-पंधरा दिवसांत, तर आंब्याची कोय व फणसाची आठळी शक्यतो चार आठवड्यांच्या आत लावावी. अशा बिया धुऊन सावलीत निथळू द्याव्यात. उन्हात वाळवू नयेत. आंब्याच्या कोयी पाण्यात टाकून तरंगणाऱ्या कोयी वेगळ्या कराव्यात, कारण त्या बहुधा पोकळ किंवा किडीने पोखरलेल्या असतात.

दुसऱ्या वर्गातील बी कोरडे ठेवल्यास काही महिने टिकते. चिंच, बोर, सीताफळ व काजू ही या वर्गातील झाडे होत. मार्च-एप्रिलमध्ये गोळा केलेले, मध्यम आकाराचे, जड काजू-बी दोन-तीन दिवस उन्हात वाळवून ठेवावे. पेरण्यापूर्वी ते पाण्यात टाकून जे बुडेल तेच घ्यावे व एक दिवस भिजवून लावावे. चिंचोकेही एक दिवस भिजवून लावल्यास लवकर उगवतात. बोराच्या आठोळीचे कवच कठीण असते. ते हलकेच फोडून आतील बी अखंड काढून पेरल्यास उगवण पुष्कळच लवकर होते.

जागेवर पेरणी

बियांचा सर्वांत मोठा गुण म्हणजे सोटमूळ. हे मूळ सरळ खोल जाते व उन्हाळ्यात झाडाला तग धरण्यास मदत करते. पिशवीत फार दिवस ठेवलेल्या रोपाचे सोटमूळ तळाशी गुंडाळते व लावताना तुटते. म्हणून जेथे पाणी देण्याची सोय नाही तेथे बी कायम जागीच पेरून पुढे त्यावर कलम करणे हिताचे ठरते.

यासाठी उन्हाळ्यात खड्डे खणून तापू द्यावेत. काजू, रातांबा व बोर यांना ६०×६०×६० सेंटिमीटरचा, तर आंब्याला १ मीटर लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. कातळाच्या जागी खालचा दगड फोडून मुळांना वाट करून द्यावी. चांगली माती व कुजलेले शेणखत यांनी खड्डा भरून मध्यभागी किंचित उंचवटा ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी बुंध्याशी साचणार नाही. पावसाच्या आरंभी प्रत्येक खड्ड्यात दोन-तीन बिया थोड्या अंतरावर लावाव्यात. काजूचे बी देठाची बाजू वर ठेवून चार-पाच सेंटिमीटर खोल लावावे. उगवणीनंतर एकच जोमदार रोप राखावे. पावसाळा संपताच आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. पहिल्या दोन उन्हाळ्यांत बुंध्याजवळ मडके पुरून त्यात पाणी भरल्यास थोड्या पाण्यात रोप जगते. गुरांपासून रक्षण झाले नाही तर वरील सर्व श्रम वाया जातात, हे विसरू नये. शेताच्या कडेने करवंदाचे ताजे बी पेरून काटेरी कुंपण उभे करता येते व त्याची फळेही मिळतात.

खुंटावर कलम

कोकणातील दमट हवेत आंब्याचे कोय कलम जून ते ऑगस्ट या काळात चांगले साधते. कोय उगवून दहा-पंधरा दिवसांचे, तांबूस पानांचे कोवळे रोप घ्यावे व त्याचा शेंडा कापून मध्ये उभी चीर द्यावी. तीन-चार महिने वयाची, खुंटाच्याच जाडीची काडी पाचरीप्रमाणे तासून त्या चिरेत बसवावी व प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावी. काडी घेण्यापूर्वी आठवडाभर आधी झाडावरच तिची पाने देठ राखून कापावीत, म्हणजे डोळे फुगतात. जागेवर वाढलेल्या रोपांवर कोवळ्या फुटीत मृदुकाष्ठ कलम करावे. काजू व रातांबा यांनाही ही पद्धत लागू पडते. मात्र रातांब्याची काडी सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याचीच घ्यावी. आडव्या फांदीच्या काडीपासून झालेले झाड आडवेच पसरते.

घाटमाथ्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू भागात गावठी बोरीचे बी जागेवर पेरून पावसाळ्यात तिच्यावर उमराण किंवा मेहरूणसारख्या जातीचा डोळा भरावा.

कलम केल्यानंतर जोडाच्या खाली येणारे फुटवे वेळोवेळी काढणे अत्यंत आवश्यक आहे. तसे न केल्यास खुंट जोर धरतो, वरची काडी वाळते आणि पुढे फळे येतात ती खुंटाचीच. ‘कलम फसवे निघाले’ अशी तक्रार पुष्कळदा याच दुर्लक्षातून उद्भवते.

बी कोठे पुरेसे आहे?

प्रत्येक झाडाचे कलमच केले पाहिजे असे नाही. वाऱ्याला आडोसा म्हणून कडेने लावावयाचे जांभूळ, ओढ्याच्या काठचे रायवळ आंबे, माळावरील सीताफळ व कुंपणाची करवंदे यांना चांगले बी पुरते. सीताफळाच्या रोपांत फरक कमी पडतो व तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळे येऊ लागतात. बांधावरची चिंच बियांपासून आठ-दहा वर्षांनी किंवा अधिक काळाने फळते. बाजारासाठी लावावयाची असल्यास प्रतिष्ठानसारख्या जातीचे कलम घ्यावे. तसेच रायवळ आंब्याला कमी लेखू नये. लोणच्याचे, रसाचे व नियमित फळणारे अनेक उत्तम आंबे बियांतूनच निर्माण झाले आहेत. हापूसचे पहिले झाडही केव्हातरी कोयीतूनच उगवले असले पाहिजे. टिकले ते कलमांमुळे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

कार्यकर्त्याने फळांच्या हंगामात गावातील जुनी झाडे फिरून पाहावीत. कोणता फणस कापा आहे, कोणती चिंच दरवर्षी लगडते, कोणत्या रातांब्याचे फळ मोठे व जाड सालीचे आहे, याची माहिती वृद्ध स्त्री-पुरुषांना नेमकी असते. ती वहीत नोंदवून अशा झाडांवर खूण करावी, दोन-तीन हंगाम उत्पन्न पाहावे व मालकाच्या संमतीने त्यांच्या काड्या गावातच उपयोगात आणाव्यात. गावातील दोन-तीन तरुणांना कलम बांधण्यास शिकविले तर बाहेरून रोपे आणण्याचा खर्च वाचेल. अशी झाडे वठण्यापूर्वीच हे काम झाले पाहिजे, कारण वठलेल्या झाडाची काडी पुन्हा मिळत नाही. मुळासाठी बी व फळासाठी काडी, हा नियम शेतकऱ्याने ध्यानात ठेवल्यास त्याच्या मुलांना भरवशाचे झाड लाभेल.