सरकीचा दाणा आणि चिरतारुण्याची बाटली

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील एका विद्यार्थ्याने मला गोळ्यांची एक बाटली आणून दाखवली. कापसाचा चुकारा हाती आल्यावर घरच्यांनी ती आजीसाठी घेतली होती. "सर, यात वनस्पतींची पॉलिफेनॉले आहेत. त्यांनी म्हातारपण थांबते का?" असे त्याने विचारले. या प्रश्नाचे उत्तर आपण कपाशीच्याच बीपासून शोधू या.

जिनातील साधी सरकी घ्या. पेरणीचे बियाणे घेऊ नका. त्याला विषारी औषध चोळलेले असते. दाणा उभा चिरून भिंगातून पाहा. गरात काळसर ठिपके दिसतील. त्या सूक्ष्म ग्रंथी होत. त्यांत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. पाहून झाल्यावर हात स्वच्छ धुवा.

कार्बनच्या षट्कोनी बेंझिन कड्याला हायड्रॉक्सिल गट जोडलेला असला की त्या संयुगास फेनॉल म्हणतात. असे अनेक गट असले की पॉलिफेनॉल. गॉसिपॉलच्या रेणूत असे 6 गट आहेत. चहा, आवळा, हिरडा व द्राक्षे यांतही निरनिराळी पॉलिफेनॉले असतात.

ती काय करतात? इलेक्ट्रॉन सामान्यतः जोडीने राहतात. ज्या रेणूत एखादा इलेक्ट्रॉन एकटा पडतो, त्याला मुक्त मूलक म्हणतात. तो शेजारच्या रेणूचा हायड्रोजन अणू ओढून घेतो. मग तो शेजारी मुक्त मूलक बनतो. तेलात अशी साखळी सुरू झाली की तेल खवट होते. पॉलिफेनॉल आपला हायड्रोजन देऊन टाकते. त्याचा एकटा इलेक्ट्रॉन कड्यावर पसरून राहतो, म्हणून ते फारसे आक्रमक होत नाही व साखळी तुटते. यालाच ऑक्सिडीभवनरोधक गुण म्हणतात. गॉसिपॉलमध्ये तो आहे.

मुक्त मूलकांमुळे शरीर म्हातारे होते, असा सिद्धान्त अमेरिकी शास्त्रज्ञ डेनहॅम हार्मन यांनी 1956 साली मांडला. मग पॉलिफेनॉल खाल्ले की तारुण्य टिकेल, असा तर्क पुढे आला. तो गॉसिपॉलला लावून पाहू.

कच्ची सरकी जास्त खाल्ल्यास कोंबड्या व डुकरे आजारी पडतात, मरतातही. गाईम्हशींच्या पोटात रवंथाच्या कप्प्यात गॉसिपॉल प्रथिनांशी बांधले जाते, म्हणून त्यांना बेताने दिलेली ढेप चालते. लहान वासरांना मात्र ते बाधते. चीनमध्ये 1970 नंतर हजारो पुरुषांना गॉसिपॉल संततिनियमनासाठी दिले गेले. शुक्राणू घटले, पण काहींच्या रक्तातील पोटॅशियम उतरले आणि काहींची प्रजननक्षमता परत आलीच नाही. सरकीच्या तेलातून कॉस्टिक सोड्याने गॉसिपॉल काढून टाकतात, तेव्हाच ते आपल्या खाण्यात येते.

रेणू तोच, मग हा फरक का? शरीर म्हणजे तेलाची बाटली नव्हे. तेथे तोच रेणू प्रथिनांशी व धातूंशीही जोडला जातो. उलट, बहुतेक पॉलिफेनॉले आतड्यातून थोडीच शोषली जातात, आणि शोषलेल्यांचे रूप यकृत बदलून टाकते. शिवाय मुक्त मूलके केवळ शत्रू नाहीत. आपल्या पांढऱ्या पेशी त्यांच्याच साहाय्याने जंतू मारतात. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटिन दिले गेले. ते पॉलिफेनॉल नसले तरी ऑक्सिडीभवनरोधक म्हणूनच गाजलेले होते. 1994 साली निष्कर्ष आला, तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला. द्राक्षांतील रेझव्हेरॅट्रॉलने यीस्टचे आयुष्य वाढल्याचे 2003 साली प्रसिद्ध झाले. माणसाचे आयुष्य त्याने वाढते, हे मात्र सिद्ध झालेले नाही.

म्हणून आवळा, जांभूळ, पालेभाज्या खुशाल खा. त्यांत जीवनसत्त्वे, तंतू असे पुष्कळ काही एकत्र असते. बाटली दिसली तर मात्र तीन प्रश्न विचारा : मात्रा किती? ती रक्तात पोहोचते का? माणसांवर नीट चाचणी झाली आहे का?

त्या विद्यार्थ्याने हे प्रश्न बाटलीवरील मजकुराला विचारून पाहिले. एकाचेही उत्तर तेथे नव्हते.