यादीत आपणही, पण आपणच नव्हे

हे बघ बाय, स्वतःसाठी देवाकडे मागू नकोस असं मी कधीच म्हणणार नाही. धाकट्या दिराला मोपाच्या विमानतळावर नोकरी हवी, पोराचा दमा पावसात उसळतो, हे देवाला नाही तर कुणाला सांगायचं? मला खटकतं ते वेगळंच. तेर्साची जपमाळ संपल्यावर आपण मागणं घालतो ते घराच्या उंबऱ्याबाहेर पडतच नाही. पडलंच तर थेट आभाळाला भिडतं: सगळ्या ख्रिस्ती लोकांचं भलं कर, आमेन. सगळे म्हणजे कोण गो? एकाचं तरी नाव घेतलंस?

कलस्सैकरांच्या पत्राच्या शेवटी एपफ्रास नावाचा एक माणूस आहे. वाचताना आपण त्याला ओलांडून पुढे जातो. पौल त्याच्याबद्दल लिहितो की हा तुमच्यासाठी प्रार्थनेत झटतो आहे, कलस्सैसाठी, लावदिकीयासाठी आणि हेरापलीसाठी. ही तिन्ही गावं एकाच नदीच्या खोऱ्यात, एकमेकांच्या शेजारी, आपलं पेडणे-मांद्रे-हरमल तसं. एपफ्रास तिथलाच. माणसं ओळखीची होती, म्हणून त्यांच्यासाठी काय मागायचं ते त्याला कळत होतं.

आपल्याला तर ते आणखी सोपं आहे. बार्देश-साष्टीसारखी गावंच्या गावं इथे डिचोली-पेडण्यात ख्रिस्ती नाहीत. हे तालुके पोर्तुगिजांच्या हाती आले तेच मुळी 1780च्या दशकात, बार्देश-साष्टीच्या बऱ्याच नंतर. त्यामुळे आपली घरं विरळ, आणि कुणाच्या घरी काय शिजतंय ते सगळ्यांना ठाऊक. ह्या ठाऊक असण्याचा कुचाळक्यांपलीकडेही काही उपयोग होऊ दे की.

अर्थात सगळ्यांसाठी मागायला बसलं की पंचाईत होते, ते तुला आधीच सांगून ठेवते. डिचोलीत 2012च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या आणि 2018च्या मार्चात परत बंद. ज्याने कर्ज काढून ट्रक घेतला होता, त्याच्या बायकोने मेणबत्ती लावली ती खाण सुरू व्हावी म्हणून. त्याच बाकावर बसणाऱ्या दुसरीच्या शेतात पावसाबरोबर खाणीची माती उतरलेली, विहिरीनं तळ गाठलेला. तिने मेणबत्ती लावली ती खाण कधीच सुरू होऊ नये म्हणून. दोघी एकाच मिस्सेला, एकाच वेदीपुढे. आता देवाने कुणाचं ऐकावं?

मला विचारशील तर देवापुढे निकाल घेऊन जाऊ नये. खाणीचं काय व्हावं ह्यावर माझं मत आहे, ते मी ग्रामसभेत मांडेन. प्रार्थनेत मात्र मी दोन्ही घरं नेते. बँकेचा हप्ताही सांगते आणि विहिरीचं पाणीही. तसं सांगायचं तर हप्ता किती थकलाय, पाणी कुठून आणतात, हे आधी जाऊन विचारावं लागतं. तिथेच आपला निम्मा कंटाळा उघडा पडतो.

मिस्सेतल्या लोकांच्या प्रार्थनांचा क्रम कधी नीट ऐकलायस? आधी चर्च, मग राज्यकर्ते आणि सगळं जग, मग दुःखात असलेले, शेवटी आपली मंडळी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली ही जुनी रीत परत आणली. त्या क्रमात 'माझं' असं वेगळं कलमच नाही.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात 1905च्या जानेवारीत सत्तरेक जणी रोज प्रार्थनेला जमू लागल्या. दुष्काळातून वाचवलेल्या मुली, बालविधवा असा तो आश्रम. स्वतःपुरतं मागायचा हक्क त्यांच्याइतका कुणाला होता? पण त्यांचं मागणं असं, की भारतातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांचं मन खरोखर पालटावं, त्यांत आमचंही. आणि देशोदेशीच्या ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्मा यावा. जूनच्या अखेरीस तिथे जे आध्यात्मिक जागरण झालं, त्याची चर्चा पार परदेशापर्यंत गेली. मला मात्र तो गाजावाजा झाला त्याच्या आधीचेच महिने जास्त भावतात. त्यांनी स्वतःला यादीतून काढलं नव्हतं, रांगेत उभं केलं होतं.

तुझी नणंद आपलं चर्च सोडून बिलिव्हरांच्या सभेला जाते म्हणून तू चिडतेस, ते मला कळतं. पण तिचं नाव घेऊन 'तिला परत आण' एवढंच म्हणणं ही प्रार्थना नव्हे, देवाकडे नोंदवलेली तक्रार आहे. 18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेचा आठवडा असतो. निदान त्या दिवसांत तिच्या सभेसाठी माग, तिथल्या पास्टरच्या तब्येतीसाठी माग. तीही मराठी बायबल उघडून तुझ्यासाठी मागत असेल, कुणी सांगावं.

कालनिर्णयच्या चौकटीत रोज एका घराचं नाव लिही, पुरे. लांबलचक यादी केलीस तर आठवड्यात सुटेल. बोटीवर कामाला असलेले तारवटी, आखातात गेलेले, पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडात राबणारे, ह्यांच्या आयांची नावं आधी घाल.

आणि एक, हे नीट ऐक. 'प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं' असं म्हणत कुणाच्या मुलीचं मोडलेलं लग्न तेर्साला जमलेल्या बायकांपुढे काढू नकोस. देवाला ते ठाऊक आहे, बायकांना कळायची गरज नाही. नाव मोठ्यानं घ्यायचं असेल तर आधी त्या घरी विचार. नको म्हणाले तर मनातल्या मनात घे, आणि बुधवारी डिचोलीच्या बाजारात ती पोर भेटली तर तिच्याशी मासळीच्या भावाबद्दल बोल.