चालक पुली : ओतावी, कातावी की जोडावी?

जुन्या म्हैसूर संस्थानात यंत्रनिर्मितीचा पाया टप्प्याटप्प्याने घातला गेला. शिवनसमुद्र येथे 1902 साली वीजनिर्मिती सुरू झाली. भद्रावतीच्या कारखान्यात 1923 पासून लाकडी कोळशाच्या साहाय्याने कच्चे लोखंड तयार होऊ लागले. आणि 1941 साली हरिहर येथे लेथ बनविणारी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी स्थापन झाली. वीज, लोखंड आणि लेथ या तिन्हींचा ज्यात संगम होतो, असा एक साधा यंत्रभाग म्हणजे चालक पुली होय. मोटरीच्या दंडावर बसून ती पट्ट्याच्या द्वारे यंत्राला गती देते. तिच्या निर्मितीच्या प्रमुख रीती तीन आहेत.

पहिली रीत ओतकामाची. लाकडी फर्म्यावरून वाळूत साचा करून त्यात वितळलेले बीड ओततात. निवताना बीड शेकडा सुमारे 1 इतके आकसते, म्हणून फर्मा तेवढा मोठा ठेवावा लागतो. पुलीची पातळ धाव आधी निवते आणि जाड तुंबा मागाहून. आकसणारा तुंबा आऱ्यांना आत ओढतो व त्यांवर ताण येतो. हा ताण सोसता यावा म्हणून पुष्कळ ओतीव पुलींचे आरे वक्र असतात. फर्म्याचा खर्च एकदाच होत असल्यामुळे नगांची संख्या वाढेल तसे ओतकाम स्वस्त पडते.

दुसरी रीत अखंड पोलादी दांड्यातून पुली कातून काढण्याची. येथे फर्मा लागत नाही, आणि आतील पोकळी दिसत नाही अशी ओतकामातील भीतीही राहत नाही. मात्र बरेचसे पोलाद कीस होऊन वाया जाते. म्हणून लहान व्यासाच्या दोन-चार पुलींनाच ही रीत परवडते.

तिसरी रीत पोलादी पत्रा वाकवून व जोडून पुली करण्याची. ती वजनाने हलकी होते. ती दोन अर्ध्या भागांत केल्यास दंड न काढताही त्यावर बसविता येते. परंतु जोड सदोष असेल, तर पुली डळमळते.

तथापि केवळ खर्च पाहून निवड करणे धोक्याचे आहे. धावेतील ताण तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला 1440 फेरे घेणाऱ्या मोटरीवर 300 मिलिमीटर व्यासाची पुली बसविली, तर धावेचा वेग सेकंदाला सुमारे 23 मीटर होतो. व्यास 600 मिलिमीटर केला, की वेग सुमारे 45 मीटर होतो आणि ताण चौपट वाढतो. बीड दाबाला बळकट, पण ताणाला कमकुवत असते. त्यामुळे साध्या ओतीव पुलीचा वेग साधारणतः सेकंदाला 25 ते 30 मीटरांच्या आत ठेवतात. ही मर्यादा ओलांडली आणि धावेत एखादी पोकळी लपलेली असली, तर पुली फुटून तिचे तुकडे कारागिराच्या अंगावर येऊ शकतात. अशा ठिकाणी पोलादच योग्य.

सारांश, आधी वेग पाहावा, मग व्यास आणि शेवटी नगांची संख्या. कोणत्याही रीतीने पुली केली, तरी तिचे भोक लेथवर अचूक कातणे व तिचा तोल तपासणे चुकत नाही. रीत स्वस्त असो वा महाग, भोक आडवे असेल, तर पट्टा सरकणार आणि यंत्र थरथरणारच.